मोबाइलवर व्हिडिओ पोहोचवायचाय? खालच्या पायरीपासून सुरुवात करा

लॅपटॉपवर, चांगल्या वायफायवर तुमचा व्हिडिओ झकास चालतो. तोच दुवा प्रेक्षक बसमध्ये बसून उघडतो तेव्हा काळ्या पडद्यावर चक्र फिरत राहतं. तो दहा सेकंद वाट बघतो आणि निघून जातो. तक्रारही करत नाही, त्यामुळे तुम्हाला कळतच नाही.

स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा अ‍ॅपमधून व्हिडिओ द्यायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे: शिकवणीचे तास, कार्यक्रमांची रेकॉर्डिंग, प्रशिक्षण, काहीही. या विषयावरचं बहुतेक लेखन वरून सुरू होतं, म्हणजे फोर-के, एचडीआर (जास्त उजेड आणि रंग टिपणारं चित्र), नवे कोडेक (व्हिडिओ आकसून साठवण्याच्या पद्धती). माझा अनुभव उलटा आहे. मोबाइलवर सगळ्यात कमकुवत नेटवर्क आणि सगळ्यात साधा फोन सांभाळला की वरचं आपोआप जमतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी ठरवा: हे सगळं करायची गरज आहे का?

व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला असेल आणि जाहिराती दिसल्या तरी चालणार असेल, तर यूट्यूबवर टाका आणि पानावर एम्बेड करा. इथून पुढे वाचायचीही गरज नाही. फक्त पैसे भरलेल्यांना दाखवायचं असेल, स्वतःच्या अ‍ॅपमध्ये प्लेअर हवा असेल किंवा शेजारी दुसऱ्यांचे व्हिडिओ नको असतील, तरच पुढे चला.

एक मधला मार्गही आहे. फाइल चढवली की एन्कोडिंग (व्हिडिओ आकसून हव्या त्या रूपात आणणं), साठवण आणि वितरण सगळं करून देणाऱ्या पगारी सेवा मिळतात. हाताशी तांत्रिक माणूस नसेल तर तोच शहाणपणाचा रस्ता. तरीही क्रमांक ३, ७ आणि ८ वाचाच, कारण त्यातली बरीच कामं सेवा घेतली तरी तुमच्याकडेच राहतात.

आणि व्हिडिओ मिनिटभराचाच असेल तर स्ट्रीमिंगची यंत्रणा उभारू नका. एक एमपी४ फाइल पुरते, दोन अटींवर. पहिली: फाइलची अनुक्रमणिका, जिला ‘मूव्ह’ म्हणतात, ती फाइलच्या सुरुवातीला हवी. एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं साधन ती सहसा शेवटी लिहितं. मग काही फोन ती शोधत फाइलच्या टोकापर्यंत जातात आणि प्रेक्षक ताटकळतो. ‘फास्टस्टार्ट’ पर्याय दिला की ती पुढे येते. दुसरी: सर्व्हरला फाइलचा मागितलेला तुकडा देता आला पाहिजे, म्हणजे उत्तरात २०६ हा कोड यायला हवा. आयफोनची सफारी आधी फक्त पहिले दोन बाइट मागून बघते. सर्व्हरने तुकड्याऐवजी पूर्ण फाइल पाठवली तर व्हिडिओ सुरूच होत नाही. ‘अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं.

२. काय काय लागेल

- मूळ रेकॉर्डिंग, शक्य तितक्या चांगल्या दर्जाचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली फाइल मूळ म्हणून धरू नका.
- एफएफएमपेग आणि त्याच्या जोडीचं, फाइलची माहिती दाखवणारं एफएफप्रोब. दोन्ही मोफत आहेत. कमांडची धास्ती वाटत असेल तर हँडब्रेक साध्या एमपी४ साठी चालतं, पण स्ट्रीमिंगचे तुकडे ते पाडत नाही.
- फाइली ठेवायला ऑब्जेक्ट स्टोरेज (भाड्याची ऑनलाइन साठवण) आणि त्यापुढे सीडीएन (प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवरून फाइली देणारी सेवा).
- एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र असलेलं डोमेन.
- निदान दोन खरे फोन: एक आयफोन आणि एक तीन-चार वर्षं जुना, स्वस्तातला अँड्रॉइड. दुसरा जास्त महत्त्वाचा.
- पोस्टरचं चित्र आणि जमल्यास सबटायटल्सची वेबव्हीटीटी फाइल.
- व्हिडिओतलं संगीत, चित्रं आणि माणसं दाखवण्याची लेखी परवानगी. नंतर सगळं उतरवण्यापेक्षा आत्ता कागद जमवणं सोपं.

३. मूळ फाइल तपासून घ्या

एन्कोडिंगला बसण्याआधी एफएफप्रोबने फाइल उघडून चार गोष्टी बघा.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमी-जास्त होत असतो. तसाच पुढे ढकलला तर तासाभराच्या व्हिडिओत शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. एन्कोड करताना २५ किंवा ३० असा ठरावीक करून घ्या.

रंग. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआरमध्ये चित्रण करू शकतात. ते साध्या ८ बिटमध्ये आणताना टोन मॅपिंग (रंग आणि उजेड साध्या पडद्याला जुळवणं) केलं नाही, तर चेहरे फिकट, धुतल्यासारखे दिसतात. शूटिंग तुमच्याच हातात असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करा. नंतरचा व्याप वाचतो.

पिक्सेल फॉरमॅट. काही स्क्रीन रेकॉर्डर ४:४:४ पद्धतीने, म्हणजे रंगाची पूर्ण माहिती ठेवून रेकॉर्ड करतात. ते संगणकावर उत्तम दिसतं आणि बहुतेक फोनवर उघडत नाही, कारण फोनच्या हार्डवेअरला ४:२:० (रंगाची कमी माहिती) आणि ८ बिट हवं असतं. एन्कोड करताना ते स्पष्टपणे सांगा, एफएफएमपेगच्या अंदाजावर सोडू नका.

दिशा. उभं चित्रण केलेल्या फाइलमध्ये चित्र प्रत्यक्षात आडवंच साठवलेलं असतं आणि ‘फिरवून दाखवा’ एवढी खूण असते. एन्कोडिंगनंतर एकदा डोळ्यांनी खात्री करा. आणि उभा व्हिडिओ उभाच द्या. दोन्ही बाजूंना काळे पट्टे लावून आडव्या चौकटीत कोंबलेला व्हिडिओ फोनवर केविलवाणा दिसतो.

४. दर्जाची शिडी आखा

सगळ्या कामाचा गाभा हाच. एकच व्हिडिओ चार-पाच दर्जांत एन्कोड करायचा. प्लेअर नेटवर्कचा वेग मोजत राहतो आणि त्याप्रमाणे पायरी बदलतो. याला अ‍ॅडॅप्टिव्ह बिटरेट म्हणतात; बिटरेट म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा.

अ‍ॅपलने एच.२६४ या प्रचलित कोडेकसाठी जी शिडी सुचवली आहे तिच्यातल्या काही पायऱ्या अशा: ४१६×२३४ ला १४५ किलोबिट दर सेकंदाला, ६४०×३६० ला ३६५, ७६८×४३२ ला ७३०, ९६०×५४० ला २०००, १२८०×७२० ला ३००० आणि १९२०×१०८० ला ६०००. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. फळ्यासमोर उभं राहून बोलणारा शिक्षक कमी बिटरेटमध्ये भागतो, नाच किंवा खेळाचा सामना भागत नाही. पण सुरुवातीला याच आकड्यांवर चला आणि मग आपल्या मजकुराप्रमाणे कमी-जास्त करा. दोन लगतच्या पायऱ्यांमध्ये साधारण दीड ते दोन पटींचं अंतर असावं. त्याहून जवळ ठेवलं तर प्लेअर उगाच वर-खाली करत राहतो.

नवखे लोक नेमकं १०८० आणि ७२० करतात आणि थांबतात. फोनच्या सहा इंचांच्या पडद्यावर ५४० आणि ७२० मधला फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ३६५ किलोबिटची पायरी नसल्यामुळे अडकलेला व्हिडिओ मात्र प्रत्येकाच्या लक्षात येतो. वेळ किंवा जागा कमी असेल तर वरची पायरी गाळा, खालची गाळू नका.

डेटाचा हिशोबही करून ठेवा. बिटरेटला सेकंदांनी गुणायचं आणि आठने भागायचं. ३००० किलोबिटने तासभर बघितलं की १.३५ जीबी जातात, ७३० ने सुमारे ३२९ एमबी. पाचशे जणांनी तासाचा व्हिडिओ ७३० वर पाहिला तर तुमच्या सीडीएनच्या बिलात १६४ जीबी लागतात, ३००० वर पाहिला तर ६७५. प्रेक्षकाचा डेटा आणि तुमचे पैसे एकाच आकड्यावर अवलंबून आहेत, हे एकदा कागदावर मांडलं की शिडी आखताना हात आपोआप आखडता होतो.

आवाजाकडे कुणी बघत नाही. १४५ किलोबिटच्या चित्राला १२८ किलोबिटचा आवाज जोडला की तुमची सगळ्यात हलकी पायरी जवळपास दुप्पट जड झाली! आवाजाची एएसी (हा आवाजाचा कोडेक) फाइल वेगळी ठेवा आणि सगळ्या पायऱ्यांना तीच जोडा. एकट्या माणसाच्या बोलण्याला ६४ किलोबिट मोनो पुरतात. व्याख्यानासारखा मजकूर असेल तर फक्त आवाजाचीही एक पायरी द्या. चित्र गेलं तरी वाक्य तुटत नाही, आणि तासाला २९ एमबीच लागतात.

कोडेक कुठला? एच.२६४. एचईव्हीसी आणि एव्ही१ कमी डेटात तोच दर्जा देतात हे खरं, पण स्वस्त किंवा जुन्या फोनमध्ये एव्ही१ उलगडणारं हार्डवेअर नसतं. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो आणि बॅटरी उतरते. नवे कोडेक द्यायचे तर जादा पायऱ्या म्हणून द्या, एच.२६४ काढून नव्हे.

एक बारीक गोष्ट: लांबी-रुंदी सम संख्येत ठेवा. ४८० उंचीला १६:९ प्रमाणात रुंदी ८५३.३३ येते. तिथे ८५४ घ्यायचे.

५. तुकडे पाडा आणि प्लेलिस्ट बनवा

मोबाइलसाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. एचएलएस ही अ‍ॅपलची, २००९ साली आयफोनच्या ३.० प्रणालीबरोबर आली आणि २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ म्हणून लिहिली गेली. डॅश हे २०१२ साली आलेलं आंतरराष्ट्रीय मानक. दोन्हींचं तत्त्व एकच: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे साध्या वेब सर्व्हरवर ठेवायचे आणि कुठला तुकडा कुठे आहे याची यादी प्लेअरला द्यायची. एकच निवडायची असेल तर एचएलएस निवडा. आयफोनला ती लागतेच आणि अँड्रॉइडचे प्लेअरही ती चालवतात. पुढे डॅशही द्यावंसं वाटलं तर तुकडे सीमॅफ या सामाईक पद्धतीचे ठेवा, म्हणजे त्याच फाइली दोन्हीकडे चालतील.

तुकडा सहा सेकंदांचा ठेवा आणि की-फ्रेम दर दोन सेकंदांनी. की-फ्रेम म्हणजे आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेलं पूर्ण चित्र. प्रत्येक तुकडा तिच्यापासूनच सुरू झाला पाहिजे, आणि सगळ्या पायऱ्यांत की-फ्रेम अगदी त्याच क्षणी आल्या पाहिजेत. तसं नसेल तर पायरी बदलताना चित्र झटका खातं किंवा मागे जातं. एक्स२६४ (एफएफएमपेग वापरतं तो एच.२६४ चा एन्कोडर) आपल्या मर्जीवर सोडलं तर दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतं, म्हणजे २५ च्या वेगाने दहा सेकंद. शिवाय दृश्य बदललं की मध्येच एक की-फ्रेम टाकतं. म्हणून अंतर सक्तीने ठरवून द्या (२५ च्या वेगाला ५० फ्रेम, ३० ला ६०) आणि दृश्यबदलाची की-फ्रेम बंद करा.

एफएफएमपेगचे दोन सापळे इथे दबा धरून बसलेले असतात. काही सांगितलं नाही तर ते तुकडे दोन सेकंदांचे धरतं, आणि प्लेलिस्टमध्ये फक्त शेवटचे पाच तुकडे ठेवतं. थेट प्रक्षेपणासाठी हे ठीक आहे, पण रेकॉर्डिंगच्या बाबतीत तासाभराचा व्हिडिओ शेवटच्या काही सेकंदांचाच दिसतो आणि माणूस चक्रावतो. यादीची लांबी शून्य द्या, म्हणजे सगळे तुकडे राहतील.

मुख्य प्लेलिस्टमध्ये प्रत्येक पायरीसमोर ‘बँडविड्थ’ लिहावी लागते. तिथे सरासरी लिहू नका, सर्वोच्च आकडा लिहा. सरासरीसाठी वेगळा रकाना आहे. आकडा खोटा कमी लिहिला तर प्लेअर झेपणार नाही अशी पायरी निवडतो. सर्वोच्च बिटरेट सरासरीच्या दुपटीच्या आत राहील अशी मर्यादा एन्कोडरलाच घाला. कोडेकचा रकानाही रिकामा ठेवू नका. आणि पायऱ्यांचा क्रम लावताना मधली पायरी सगळ्यात वर लिहा, कारण बरेच प्लेअर यादीतल्या पहिल्या पायरीने सुरुवात करतात. १०८० ची पायरी सगळ्यात वर ठेवली तर पहिलाच तुकडा उतरायला वेळ लागतो.

६. सर्व्हर आणि सीडीएन

- सगळं एचटीटीपीएसवर. आयओएस ९ पासून (२०१५) आणि अँड्रॉइड ९ पासून (२०१८) अ‍ॅपमधून साधं एचटीटीपी मुळातच अडवलं जातं.
- व्हिडिओ वेगळ्या डोमेनवर असेल तर कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइली वाचू देण्याची, परवानगी द्या. प्लेलिस्ट, तुकडे, सबटायटल्स, कूटबद्धीकरणाची किल्ली: सगळ्यांना. एक जरी राहिलं तरी वेब प्लेअर तिथेच अडतो.
- प्लेलिस्ट आणि तुकडे यांचे माइम टाइप (फाइलचा प्रकार सांगणारी नोंद) बरोबर आहेत ना बघा. ऑब्जेक्ट स्टोरेजवर ते बऱ्याचदा ‘साधी बायनरी फाइल’ असे पडतात.
- तुकडे कधी बदलत नाहीत, म्हणून त्यांची कॅशे (सीडीएनने साठवलेली प्रत) लांब मुदतीची ठेवा. थेट प्रक्षेपणाची प्लेलिस्ट सतत बदलते, तिची कॅशे एक-दोन सेकंदांचीच.

सही केलेले, ठरावीक वेळ चालणारे दुवे वापरणार असाल तर हे लक्षात घ्या: मुख्य प्लेलिस्टच्या पत्त्याला जोडलेलं टोकन (परवानगीची खूण) आतल्या तुकड्यांना आपोआप लागत नाही. प्लेलिस्ट उघडते आणि पहिल्याच तुकड्यावर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतो. टोकन पत्त्याच्या मार्गातच घाला किंवा कुकी वापरा. आणि टोकनची मुदत व्हिडिओच्या लांबीपेक्षा बरीच जास्त ठेवा. लोक मध्ये थांबवून फोन घ्यायला जातात.

७. प्लेअर

स्वतःच्या अ‍ॅपसाठी फार विचार नको. आयफोनवर एव्हीप्लेअर, अँड्रॉइडवर एक्सोप्लेअर, जो आता मीडिया३ चा भाग आहे.

वेबवर मात्र जपून. आयफोनची सफारी एचएलएस स्वतःच चालवते. अँड्रॉइडच्या क्रोमसाठी एचएलएस-डॉट-जेएस किंवा शाका प्लेअर हे पानात जोडायचे तयार प्लेअर-कोड घ्या. ब्राउझरला ‘तुला एचएलएस येतं का’ असं विचारलं की अँड्रॉइडवर ‘बहुधा’ असं उत्तर येऊ शकतं, आणि त्यावर विसंबणं धोक्याचं. म्हणून आधी एचएलएस-डॉट-जेएस चालतं का ते तपासा, नसेल तरच ब्राउझरच्या अंगभूत प्लेअरकडे जा. एचएलएस-डॉट-जेएसमध्ये दर्जा प्लेअरच्या आकारापुरता मर्यादित ठेवण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू करा. छोट्या चौकटीत १०८० उतरवून कुणाचंच भलं होत नाही.

आयफोनवर व्हिडिओ पानातच चालावा असं वाटत असेल तर ‘प्लेज-इनलाइन’ लिहावंच लागतं, नाहीतर तो थेट पूर्ण पडदा व्यापतो. आपोआप सुरू करायचा तर आवाज बंद हवा. तरीही बॅटरी बचतीचा मोड चालू असेल तर आयफोन तेही करत नाही. म्हणून पोस्टर आणि ठळक प्ले बटण नेहमी ठेवा. आणखी एक: आयफोनच्या वेब पानावर पूर्ण पडद्यात फक्त व्हिडिओच जातो. तुम्ही त्यावर कोडने चढवलेलं नाव, वॉटरमार्क, आवडीची बटणं सगळं गळून पडतं. वॉटरमार्क हवाच असेल तर चित्रात एन्कोड करून घाला. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यू (आत वेब पान दाखवणारी चौकट) वापरत असाल तर पूर्ण पडद्याचं बटण आपोआप चालत नाही, त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो.

सबटायटल्स द्या. गाडीत, रांगेत, झोपलेल्या बाळाशेजारी माणसं आवाज बंद करूनच बघतात.

८. चाचणी: ब्राउझरच्या मोबाइल मोडवर विसंबू नका

संगणकावरचा मोबाइल मोड पडद्याचा आकार, स्पर्श अशा वरवरच्या गोष्टींचीच नक्कल करतो. डीकोडर, बॅटरी आणि सफारीचे नखरे त्यात दिसत नाहीत. खरा फोन हातात घ्या आणि एवढं करा:

- आयफोनवर डेव्हलपर सेटिंगमधल्या नेटवर्क लिंक कंडिशनरने नेटवर्क मुद्दाम वाईट करा. अँड्रॉइडला केबलने संगणकाशी जोडून क्रोमच्या साधनांतून वेग कमी करा.
- व्हिडिओ चालू असताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा.
- मध्येच फोन आला, अ‍ॅप मागे गेलं, पडदा बंद झाला, तर परत आल्यावर काय होतं ते बघा.
- दुवा चॅट अ‍ॅपमधून उघडा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथे लॉगिनची कुकी नसते. ‘पैसे भरलेत तरी दिसत नाही’ ही तक्रार इथून येते.
- जुना अँड्रॉइड अर्धा तास चालवून ठेवा. तापला का, फ्रेम गळायला लागल्या का?

हाताशी मॅक असेल तर अ‍ॅपलचं मीडिया स्ट्रीम व्हॅलिडेटर प्लेलिस्टमधल्या चुका ओळीने दाखवतं.

९. थेट प्रक्षेपण असेल तर

वरचं सगळं लागू आहेच. शिवाय ओबीएस या मोफत प्रक्षेपण सॉफ्टवेअरमधून आरटीएमपी किंवा एसआरटी या पद्धतीने प्रवाह सर्व्हरला पाठवायचा आणि पायऱ्या सर्व्हरवर पाडायच्या. ओबीएसमध्ये की-फ्रेमचं अंतर शून्य, म्हणजे ‘स्वयंचलित’, असतं. ते दोन करा. तुमचा अपलोड वेग पाठवायच्या बिटरेटच्या निदान दुप्पट असावा.

प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहतो. सहा सेकंदांचे तुकडे म्हणजे अठरा सेकंद, त्यात एन्कोडिंग आणि प्रवास धरला की पंचवीस-तीस सेकंदांचा उशीर. प्रेक्षकांशी प्रश्नोत्तरं करायची नसतील तर हा उशीर तसाच राहू द्या. दोन सेकंदांचे तुकडे करून तो कमी होतो, पण कमकुवत नेटवर्कवर अडकणंही वाढतं. खरोखर संवाद हवा असेल तर लो-लेटन्सी एचएलएस किंवा वेबआरटीसी हा वेगळा अभ्यास आहे.

१०. चोरीची धास्ती

शिकवणीच्या व्हिडिओंना सही केलेले दुवे आणि एईएस-१२८ कूटबद्धीकरण सहसा पुरतं. डीआरएम (परवानगीशिवाय व्हिडिओ उघडू न देणारं कुलूप) लावायचं तर अँड्रॉइडला वाइडव्हाइन आणि अ‍ॅपलला फेअरप्ले असे दोन्ही लागतात आणि खर्च वाढतो. समोर दुसरा फोन धरून रेकॉर्ड करणाऱ्याला यातलं काहीच अडवत नाही.

११. सुरू झाल्यावर काय बघायचं

किती जणांनी पाहिलं या आकड्यापेक्षा चार गोष्टी नोंदवा: प्ले दाबल्यापासून पहिलं चित्र येईपर्यंतचा वेळ, बघण्याच्या एकूण वेळेत अडकण्याचा वाटा, कुठल्या पायरीवर किती वेळ पाहिलं गेलं, आणि चुका कुठल्या फोनवर, कुठल्या आवृत्तीवर आल्या. सरासरीवर समाधान मानू नका. सगळ्यात वाईट दहा टक्के प्रेक्षकांचे आकडे वेगळे काढा. १०८० ची पायरी कुणीच वापरत नसेल तर पुढच्या व्हिडिओंसाठी ती बंद करा. सगळे सगळ्यात खालच्या पायरीवरच अडकलेले दिसले तर तिच्याही खाली एक जोडा.

या आकड्यांवरून जुना व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावासा वाटेलच. तेव्हा नवे तुकडे जुन्यांच्या जागी त्याच नावाने टाकू नका. सीडीएनच्या कॅशेत जुने तुकडे तसेच असतात, प्लेअरला अर्धे जुने आणि अर्धे नवे मिळतात, आणि व्हिडिओ मध्येच फुटतो. प्रत्येक एन्कोडिंगला नवा फोल्डर द्या, सगळं चढवून झाल्यावर पानावरचा पत्ता बदला, आणि जुना फोल्डर निदान आठवडाभर राहू द्या.